सगळं मंगळवारी घडलं

"भावोजी, बेसिकली तुम्ही काहीच करू नका," असं मेहुणा फोनवर म्हणाला, आणि तिथेच सगळं बिनसलं.

तसं बघायला गेलं तर तो काही वावगं बोलला नव्हता. घरातला जुना कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. सुरू केला की मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखा आवाज करायचा, आणि त्याच्या पोटात घरातले पंचवीस वर्षांचे फोटो होते. नवा कॉम्प्युटर येऊन टेबलावर बसला होता. जुन्यातले फोटो काढून नव्यात घालायचे, एवढंच काय ते काम. मेहुणा कॉम्प्युटरातलाच माणूस. रविवारी सकाळी येतो आणि करून देतो, असं त्याने कबूल केलं होतं.

"तोपर्यंत त्या फोटोंच्या लायब्ररीला हात लावू नका," तो पुढे म्हणाला. "ती अख्खीच्या अख्खी उचलायची असते. उघडून आतले फोटो बाहेर ओढायचे नसतात. कळलं ना?"

हे 'कळलं ना' कवळीवाल्यांच्या वर्मी लागलं.

कवळीवाले म्हणजे खरोखरच कवळ्या बनवणारे. घराच्या मागच्या खोलीत त्यांची कार्यशाळा होती. शहरातल्या दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे यायचे आणि इकडून दात परत जायचे. केसाएवढा फरक पडला तरी माणूस आठवडाभर गाल धरून बसतो, असलं नाजूक काम. त्यामुळे आपल्या हातांबद्दल त्यांना जरा जास्तच खात्री होती, आणि मेहुण्याबद्दल जरा कमी.

"अख्ख्या जबड्याचे दात एका ओळीत बसवणारा माणूस मी," ते फोन ठेवून बायकोला म्हणाले, "आणि हा मला फोटो हलवायला शिकवतो! फोटोच आहेत ना? का कुणाचं काळीज आहे?"

बायको शाळेत मुख्याध्यापिका होती. शाळेत सगळे तिला बाई म्हणायचे, आणि घरी वेगळं काही म्हणायची कुणाची छाती नव्हती. बाई पर्समध्ये किल्ल्या शोधत होत्या.

"अहो, तो नको म्हणतोय ना? मग नको. आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आहे रविवारी. बाबा गेल्यापासून तिने एक फोटो पाहिलेला नाही. 'मागचं कशाला उकरायचं' म्हणते. किती मिनतवाऱ्या केल्या तेव्हा कुठे या वेळी हो म्हणालीय. मला तिला ते सगळे फोटो ओळीने, नीट, मोठ्या पडद्यावर दाखवायचेत. त्यात जर का काही झालं ना..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मुख्याध्यापिका अशी वाक्यं पुरी करत नाहीत, ती समोरच्याने घाबरून मनात पुरी करायची असतात. पण कवळीवाल्यांचं मन तेव्हा दुसरीकडेच होतं.

मंगळवारी दुपारी कार्यशाळेत काम कमी होतं. घोटाळ्याला एवढं कारण पुरतं. जगातले निम्मे घोटाळे हातात काम नसलेल्या हुशार माणसांनी केलेले आहेत.

फोटो इकडून तिकडे न्यायचे तर न्यायला काहीतरी हवं, म्हणून कवळीवाल्यांनी खणातली डिस्क काढली. ती जोडली तर ती भरलेली. कशाने भरलीय म्हणून उघडून बघितलं, तर आत हेच फोटो! मेहुण्याने मागे कधीतरी हौसेने बॅकअप घेऊन ठेवला होता. "तेच फोटो दोन-दोनदा?" कवळीवाले एकटेच मोठ्याने म्हणाले. "डोकं आहे का ह्याला?" आणि फोटो न्यायला जागा व्हावी म्हणून त्यांनी डिस्कवरचे फोटो पुसून टाकले.

मग त्यांनी लायब्ररी उघडली. आत सगळा आनंद होता. वर्ष नाही, महिना नाही, नुसते आकडे आणि अक्षरं लिहिलेली शेकडो बारीक खोकी, आणि एकेका खोक्यात दोन-चार फोटो. हा पसारा अख्खा उचलायचा? म्हणजे घर बदलताना कचऱ्याची बादली भरलेलीच न्यायची! कवळीवाल्यांनी सगळे फोटो बाहेर काढायचा हुकूम सोडला. कॉम्प्युटरने अदबीने विचारलं, की फोटोंबरोबर त्यांची माहितीही न्यायची आहे का? समोर बरोबरची खूण होतीच. कवळीवाल्यांनी ती काढली. माहिती कशाला? फोटो बघून कळतंच की.

तासाभरात फोटो नव्या कॉम्प्युटरवर येऊन पडले. त्यांनी चार-पाच उघडून बघितले. माणसं जागच्या जागी होती, डोकी वर होती, पाय खाली होते. झालं काम! त्या आनंदात त्यांनी दुकानात फोन केला, कारण जुना कॉम्प्युटर परत घ्यायचं दुकानदाराने कबूल केलं होतं. दुकानाचा माणूस आला, घेऊन गेला, आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे तो कॉम्प्युटर लगोलग आतून धुऊनपुसून लख्ख करण्यात आला.

मग कवळीवाल्यांनी बाईंना शाळेत फोन करून पराक्रम सांगितला. बाई आधी रागावल्या, मग फोटो सगळे आलेत हे ऐकून थोड्या खुलल्या, आणि मग त्यांनी ती एक गोष्ट केली जी त्यांनी करायला नको होती. त्यांनी भावाला फोन लावला.

"तुझ्या भावोजींनी एकट्याने हलवले हं सगळे फोटो," त्या म्हणाल्या. "तू उगाच बाऊ करत होतास."

"बरं," मेहुणा म्हणाला. "रविवारी बघूच."

संध्याकाळी बाई घरी आल्या, पर्स खांद्यावर तशीच ठेवून कॉम्प्युटरसमोर बसल्या, आणि थोड्या वेळाने त्यांचा आवाज आला. तो वरच्या पट्टीत नव्हता, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"अहो. इकडे या."

"काय गं?"

"हे काय आहे?"

"फोटो."

"तारीख वाचा."

कवळीवाल्यांनी चष्मा वर-खाली केला. "आजची आहे. मंगळवार."

"आपण समुद्रावर आज गेलो होतो?"

"नाही बुवा."

"मग हा पुढचा बघा. लेकीचा बालवाडीतला पहिला दिवस. कधी?"

"मंगळवार," कवळीवाले हळूच म्हणाले.

"आणि ही तिची पदवी?"

उत्तर दिसतच होतं.

फोटोंची माहिती म्हणजे त्यांची तारीख, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. ती तर त्यांनी स्वतःच्या हाताने मागे ठेवली होती. कॉम्प्युटरच्या मते त्या घरात जे काही घडलं ते सगळं आजच्या मंगळवारी दुपारी, एका दमात घडलं होतं. लेक बालवाडीत गेली, पदवीधर झाली आणि त्यानंतर तिचे पुढचे दात पडले. बाई जाड झाल्या, बारीक झाल्या, पुन्हा जाड झाल्या. भिंतींना पिवळा रंग लागला, तो पांढरा झाला, पुन्हा पिवळा झाला. सासरे वारले, आणि दुसऱ्याच मिनिटाला उठून बागेत पाण्याची नळी घेऊन उभे राहिले. एवढी धावपळ होऊनही घरात कुणाला पत्ता नव्हता.

"बॅकअप आहे ना डिस्कवर?" बाईंनी विचारलं.

कवळीवाल्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"जुना कॉम्प्युटर?"

कवळीवाले अजूनही खिडकीबाहेरच बघत होते.

बाईंनी फोन उचलला. "भावाला बोलावते." आणि नंबर लावता लावता त्यांचा हात थांबला. दुपारी आपणच त्याला काय ऐकवलं ते त्यांना आठवलं. फोन खाली ठेवून त्या धपकन खुर्चीत बसल्या.

"तुम्ही माती खाल्लीत," त्या म्हणाल्या, "आणि मी तिचं कौतुक गावभर सांगून बसले. आता त्याला कळलं तर जन्मभर ऐकवेल. माझ्या आईसमोर ऐकवेल. ते काही नाही, रविवारपर्यंत आपण हाताने लावायचे. एकेक फोटो, एकेक नंबर. आणि त्याला ह्याचा वाससुद्धा लागता कामा नये."

"अगं, पण कुठला फोटो कधीचा, हे कळणार कसं?"

"तुम्हीच म्हणालात ना, फोटो बघून कळतं म्हणून? मग कळवा!"

बुधवारपासून त्या घरात इतिहास-संशोधन सुरू झालं. शाळा सुटली की बाई यायच्या, कवळीवाले ठशांचं काम बाजूला सारायचे आणि दोघं कॉम्प्युटरला चिकटून बसायचे. सगळे फोटो लावणं अशक्य होतं, म्हणून दाखवण्याजोगे तेवढे निवडले. तेच इतके झाले की बाईंनी मोजणं सोडून दिलं.

कवळीवाल्यांची पद्धत दातांची होती. त्यांना माणूस चेहऱ्याने आठवायचाच नाही मुळी. "ही लेक. पटाशीचे पडलेत, सुळे अजून दुधाचे, म्हणजे दुसरीतली. हा तुझा भाऊ, डाव्या दाढेत चांदी आहे, म्हणजे लग्नाआधीचा. लग्नाच्या वेळी तिच्यावर पांढरी टोपी मीच बनवून दिली. आणि हा चष्मेवाला कोण हसतोय?"

"तुम्ही."

"शी! मी दात कधी घासले नव्हते की काय त्या वर्षी?"

बाईंची पद्धत वेगळी होती. त्या माणसांकडे बघायच्याच नाहीत, मागे काय आहे ते बघायच्या. निळा सोफा म्हणजे लेक शाळेत. तपकिरी सोफा म्हणजे कॉलेजात. निळ्या सोफ्यावर तपकिरी चादर म्हणजे मधली दोन वर्षं, घेऊ घेऊ म्हणत न घेतलेल्या सोफ्याची. पडदे, कुंड्या, फ्रीजवर साचलेले डबे, सगळ्यावरून त्या झटक्यात वर्ष सांगायच्या. अडायचं ते एकाच ठिकाणी.

"हा मागे घाला," त्या म्हणाल्या. "खूप मागे. लेकीच्या जन्मानंतरचा."

"अगं, लेक बाजूला उभी आहे. बारा वर्षांची."

"असेल. पण मी बारा वर्षांनंतर एवढी जाड नव्हते."

"तिच्या तोंडात तारा आहेत, मी बनवलेल्या!"

"मग तिला कापा फोटोतून."

"हे बघ," कवळीवाले कळवळून म्हणाले, "सोफा खोटं बोलेल, माणूस खोटं बोलेल. दात खोटं बोलत नाहीत."

"तुम्ही तर खोटेच विकता!"

त्यावर अर्धा तास काम बंद पडलं. शेवटी तो फोटो कुठेच घालायचा नाही असं ठरलं.

गुरुवारी तर कवळीवाल्यांची जीभच घसरली. सासूबाईंचा कुठल्याशा लग्नातला फोटो होता. बाई म्हणाल्या जुना, कवळीवाले म्हणाले नवा. "अगं, नवाच. ही त्यांची दुसरी कवळी आहे. पहिली जराशी पिवळट..."

ते बोलायचे थांबले, पण उशीर झाला होता.

"कुणाची कवळी?"

"कुणाची नाही."

"माझ्या आईचे दात स्वतःचे आहेत!" बाई उभ्या राहिल्या. "लहानपणापासून ऐकतेय मी, अजून ऐकतेय. 'माझे दात बघ, एकही किडलेला नाही. तुझी जीभ गोडाची, तू लवकर बोळकी होणार.' अख्खं बालपण मी गोळी लपवून खाल्ली! आणि ते दात मागच्या खोलीत तयार झालेत? तुम्ही केलेत?"

"मला शपथ घातली होती गं त्यांनी. मुलांना कळू देऊ नका म्हणाल्या."

बाईंनी फोटोतलं आईचं हसू मोठं करून बघितलं. "छान बसवलेत मात्र," त्या शेवटी म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "मला आजपासून कुणी गोड खाऊ नको म्हणायचं नाही."

पण सगळ्यांत जास्त छळलं सासऱ्यांनी. सासरे म्हणजे बाईंचे वडील, जाऊन नऊ वर्षं झाली होती. जिवंतपणी त्यांना फोटोचा भारी सोस. त्यांनी काढलेल्या प्रत्येक फोटोत कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा अंगठा असायचाच. त्यातून सूर्यास्तांचा नाद. डझनावारी सूर्यास्त होते, आणि सूर्यास्ताला दात नसतात, सोफाही नसतो.

"हा कधीचा असेल हो?" बाईंनी विचारलं.

"संध्याकाळचा."

आणि जे फोटो दुसऱ्या कुणी काढले, त्यांत सासरे ऐनवेळी मध्ये तडमडायचे. सगळे नीट उभे राहिले, 'तयार' म्हणून झालं, की हे कुठूनसे टपकायचे. कधी अर्धं तोंड, कधी नुसता कोपर, कधी अगदी पुढ्यात पाठमोरे. लेकीच्या वाढदिवसाच्या एका फोटोत लेक नाहीच, सासऱ्यांचा कान आहे. जावयाला दातांना हात लावू न देता ते सगळे दात शाबूत घेऊन गेले होते, त्यामुळे त्यांच्यावरून वर्ष ओळखायची सोयच नव्हती. बाई आधी चिडल्या, मग हसल्या, आणि एका कोपरापाशी आल्यावर उठून तोंड धुऊन आल्या. कवळीवाल्यांनी तो फोटो गुपचूप पुढे ढकलला.

काही फोटो अडलेच. ते सांगू शकणारी एकच व्यक्ती होती, आणि तिलाच विचारायची सोय नव्हती. तरी शुक्रवारी दुपारी, मेहुणा कामावर असताना, कवळीवाले कवळी तपासायच्या निमित्ताने त्याच्या घरी सासूबाईंकडे गेले. अडलेले फोटो फोनमध्ये घेतले होते. कवळी बघून झाल्यावर त्यांनी सहज आठवल्यासारखं करून एकेक पुढे केला.

सासूबाईंचं कॅलेंडर अबोल्याचं होतं.

"हा ना? हा घर रंगवलं त्या वर्षीचा. मी माझ्या जावेशी बोलत नव्हते तेव्हा. बघा, ती त्या टोकाला उभी आहे. आणि ह्या दुसऱ्यात ती माझ्या शेजारी, म्हणजे तिचा गुडघा मोडला त्यानंतरचा. मीच डबा द्यायला जायचे. आणि हा तर सरळच आहे, ह्यात मी तुमच्या बायकोशी बोलत नव्हते."

"कशावरून झालं होतं?"

"ते ती सांगेल. चूक तिची होती."

पुढचा फोटो आला. त्यात खुर्चीवर सासरे बसले होते, चक्क अख्खे, कॅमेऱ्याकडे बघत. सासूबाईंनी झटकन मान वळवली.

"हा राहू दे," त्या म्हणाल्या. आणि मग, डोळे बारीक करून, "पण हे सगळं विचारताय कशाला, जावईबापू?"

"सहज. आठवणी."

"जावई आठवणी काढायला लागला की समजावं, ह्याने काहीतरी फोडलंय."

"छे छे!"

"मी विचारत नाही हो. माझ्या दातांचं तरी तुम्ही कुठे कुणाला सांगितलंत?"

कवळीवाल्यांना पाण्याचा ठसका लागला.

शनिवारी काम संपलं. प्रत्येक फोटोला नावाच्या जागी नंबर मिळाला, आणि नंबराप्रमाणे पंचवीस वर्षं रांगेत शहाण्यासारखी उभी राहिली. बाईंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा बघून घेतलं. निम्म्याच्या थोडं पुढे सासऱ्यांच्या शोकसभेचा फोटो होता. तिथे त्या थांबल्या.

"ह्यानंतर बाबा नाहीत," त्या म्हणाल्या.

"नसणारच."

"आईला इथून पुढे बघवेल का हो?"

"क्रमच तसा आहे ना गं," कवळीवाले म्हणाले, आणि बाईंच्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. एवढं करून रविवारी आई उठून आत निघून गेली तर काय, ही भीती दोघांनाही होती, पण बोलून कुणी दाखवली नाही.

रविवारी घर माणसांनी भरलं. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आल्या, सासूबाई मधोमध बसल्या, जाऊबाई गुडघा सांभाळत त्यांच्या शेजारी. मेहुणा गळ्यात केबलची माळ घालूनच आला. कॉम्प्युटर मोठ्या टीव्हीला जोडायचं काम त्याच्याकडे होतं, ते कवळीवाल्यांना काढून घेता आलं नाही. ते स्वयंपाकघरातून सरबताचे ग्लास आणत होते, तेवढ्यात कानावर आलं, "भावोजी, बेसिकली तुम्ही हे नावाने लावलंय? एक, दोन, तीन? असं कुणी करतं का? फोटो तारखेने लावायचे असतात."

"अरे, थांब..."

"राहू द्या हो. दोन क्लिकचं काम आहे." आणि दोन क्लिक झालेसुद्धा.

ट्रे हातात घेऊन कवळीवाले दारातच थिजले. तारखेने म्हणजे मंगळवारने! पण बोलायचं काय? ओरडून थांबवलं, तर तारखांचं काय झालं ते सांगावं लागणार, इतक्या माणसांत, आणि तेही मेहुण्यासमोर. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई पडद्याशेजारी उभ्या राहून छोटंसं भाषण करत होत्या. "आईचा हा सगळा प्रवास आपण आता क्रमाने बघणार आहोत," असं म्हणून त्यांनी हात केला, आणि पडद्यावर पहिला फोटो उमटला.

शोकसभा! सगळे नातेवाईक तोंडं पाडून ओळीने बसलेले. वाढदिवसाला जमलेल्या त्याच नातेवाइकांनी स्वतःची ती तोंडं पाहिली. कुणीतरी घाईघाईने ग्लास खाली ठेवला. बाई कवळीवाल्यांकडे अशा बघत होत्या की शाळेत त्या नजरेने मुलं आपणहून अंगठे धरायची.

दुसरा फोटो आला. सासरे, अर्ध्या चड्डीत, समुद्रावर, नाकाला आइस्क्रीम.

मागच्या रांगेत कुणाला तरी फिसकन हसू आलं. मग लेकीची पदवी, मग दात पडलेली लेक, मग सूर्यास्त आणि अंगठा. निळा सोफा, तपकिरी सोफा, पुन्हा निळा. मग लग्नाचा एक भारदस्त फोटो, सगळे ताठ, आणि मध्येच आडवे आलेले सासरे. मेहुण्याच्या कपाळावर घाम आला होता. काहीतरी भयंकर चुकलंय आणि ते आपणच शेवटचं बटण दाबल्यामुळे झालंय, एवढं त्याला कळलं होतं. त्यामुळे तोही गप्प, कवळीवालेही गप्प, आणि फोटो आपले पुढे चाललेले.

सासूबाईंनी पदर तोंडावर धरला होता. खांदे हलत होते. बाई धावत त्यांच्याजवळ गेल्या. "आई, बंद करू का गं? आई, रडू नकोस..."

सासूबाईंनी पदर बाजूला केला. त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हसू आवरत नव्हतं.

"अगं, बघ ना! पुन्हा आले! आत्ता गेले म्हणेस्तोवर हे आलेच मध्ये कोपर घेऊन!"

मग अख्खी खोलीच सासऱ्यांची वाट बघायला लागली. दोन-तीन फोटो त्यांच्याविना गेले की कुणीतरी म्हणायचं, "आता येतील बघा," आणि खरंच ते कुठून तरी टपकायचे. कान दिसला की टाळ्या, अंगठा दिसला की शिट्ट्या. शेवटचा फोटो त्यांचा पाठमोरा निघाला, आणि जाऊबाईसुद्धा हसता हसता गुडघा विसरल्या.

दिवे लागल्यावर सासूबाईंनी डोळे पुसले.

"खरं सांगू? मी भीत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ओळीने दाखवाल. ओळीने दाखवलं असतं तर हे निम्म्यातच गेले असते आणि पुढचं मी एकटीने काय बघितलं असतं? म्हणून तर इतकी वर्षं फोटोंचं नाव काढू दिलं नाही. आणि आज, मेले, शेवटपर्यंत मध्ये मध्ये तडमडत होते. जन्मभर तडमडले तस्से." त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "कुणाच्या डोक्यातून निघालं रे हे असं?"

सगळ्या माना मेहुण्याकडे वळल्या. कॉम्प्युटरजवळ तोच उभा होता. मेहुण्याने एकदा फोटोंकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, कपाळ पुसलं आणि छाती पुढे काढली.

"बेसिकली, आई, ही नॉन-लिनियर पद्धत आहे. काळ काही सरळ रेषेत नसतो."

"गुणाचं गं माझं लेकरू!" सासूबाईंनी त्याचा गाल ओढला. खोलीत टाळ्या पडल्या. "लाव, पुन्हा लाव पहिल्यापासून."

कवळीवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मंगळवारपासून ते एकाच गोष्टीला भीत होते, की हा घोटाळा आपला आहे हे कुणाला कळू नये. आणि आता कुणालाही ते कळत नव्हतं, ह्यासारखं दुःख नव्हतं. ते तरातरा गेले आणि टीव्हीच्या पुढ्यात उभे राहिले.

"थांबा! हे ह्याने केलेलं नाही!" ते गरजले. "हे मी बिघडवलंय! बॅकअप मी पुसला! माहितीवरची खूण मी काढली! जुना कॉम्प्युटर मी देऊन टाकला! ह्यातला एकेक घोळ माझ्या हातचा आहे!"

सगळे त्यांच्याकडे मायेने बघत होते.

"असू दे हो, भावोजी," मेहुणा समजुतीने म्हणाला. "तुम्ही खुर्च्या आणल्यात, सरबत केलंत. तेही काही कमी नाही."

"विचार, तुझ्या बहिणीला विचार!"

बाई पुढे आल्या. ह्या क्षणी आपण मंगळवारी भावापुढे काय फुशारकी मारली, ते सगळं त्यांनी गिळलं. "खरं आहे ते," त्या मान ताठ करून म्हणाल्या. "सगळं ह्यांनीच बिघडवलंय. मी साक्षीदार आहे."

मेहुण्याने कौतुकाने मान हलवली. "ताई, नवऱ्याची बाजू घ्यावी माणसाने. पण इतकी?"

"अहो, जावईबापू, आधी बाजूला व्हा!" सासूबाई मान वाकडी करून पडद्याकडे बघत म्हणाल्या. "सुरू झालंय. मध्ये काय उभे राहता! एवढी वर्षं ह्यांना तेच सांगत आले, आता तुम्हालाही सांगू का?"

आणि आठवड्यात पहिल्यांदा खरं बोलल्यामुळे दमलेले कवळीवाले तिथेच, पहिल्या रांगेच्या पुढे, जमिनीवर बसले. शोकसभेचा फोटो सरकला, आणि समुद्रावरचे सासरे आले तेव्हा इतरांच्या आधी तेच हसले.